पहिली कोणती, हे नंतर. आधी शेवटची कोणती?

परवा दुपारी एक वयोवृद्ध गृहस्थ आमच्या कचेरीत आले. तंबाखूच्या वखारीत उभी हयात कारकुनी केलेले, स्वभावाने भिडस्त, आणि गेली चाळीस वर्षे आधी विडीच्या व मग सिगारेटच्या संगतीत काढलेले. त्यांचा मुलगा इंग्लंडात नोकरीस आहे. वडिलांचा हा वारसा त्यानेही उचलला होता. पण दोन वर्षांपूर्वी त्याने विजेवर चालणारी सिगारेट हाती घेतली आणि धुराची सिगारेट टाकली ती टाकली. आता तो दिवाळीस घरी यावयाचा आहे. फोनवर त्याने विचारले, 'बाबा, तुमच्यासाठीही एक आणतो. कोणती आणू?' गृहस्थ आम्हांस म्हणाले, "संपादकसाहेब, आपण रोज उठून दिल्लीपासून गल्लीपर्यंत सर्वांना सल्ले देता. मलाही एक द्या. पहिली म्हणून कोणती आणायला सांगू?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आमचा जिना चढून आल्यावर त्यांची धाप ओसरावयास पाच मिनिटे लागली होती. शिवाय हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. या भागातील शेकडो घरांतील मुले आज परदेशी आहेत. सुट्टीवर येताना कोणी सुगंधी तेल आणतो, कोणी घड्याळ आणतो, आणि हल्ली कोणी कोणी ही वाफेची नळीही आणतो. शहरातील काही टपऱ्यांवर ती गल्ल्याखालून मिळते, हेही आमच्या कानांवर आहे. तेव्हा त्या गृहस्थांस तोंडी जे सांगितले, तेच येथे जरा विस्ताराने सांगावयाचे ठरविले आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. एक लहानशी विद्युत्‌घटाची नळी, तिच्यात तारेचे बारीक वेटोळे, आणि वेटोळ्याभोवती कापसात भिजलेला द्रव. घट चालू होताच वेटोळे तापते आणि द्रवाची वाफ होते, ती ओढावयाची. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादासाठी काही अर्क आणि बहुधा निकोटीन असते. तंबाखूचे पान नाही, जाळ नाही, राख नाही. ही कल्पना अगदी कालपरवाची आहे असेही नाही. हर्बर्ट गिल्बर्ट नावाच्या एका अमेरिकन माणसाने धूर व तंबाखू या दोहोंवाचून चालणाऱ्या सिगारेटीसाठी १९६३ साली एकस्वाचा अर्ज केला होता, आणि १९६५ साली त्यास ते मिळालेही. पण बाजारात ती वस्तू कधी आलीच नाही. त्या काळी सिगारेट ओढणे हे रुबाबाचे लक्षण होते. तिच्या पर्यायाची गरज कोणास वाटणार? आजचे उपकरण बनविले ते होन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञाने, २००३ साली. तो स्वतः सिगारेटीच्या आहारी गेलेला होता, आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले.

या उपकरणामागील विचार एका वाक्यात सांगता येतो. माणूस सिगारेट ओढतो तो निकोटीनसाठी, आणि मरतो तो धुराने. इंग्लंडातील संशोधक मायकेल रसेल यांनी १९७६ सालीच ही गोष्ट स्पष्ट शब्दांत मांडली होती. जळत्या सिगारेटीचे टोक झुरका घेताना सुमारे ९०० अंशांपर्यंत तापते; त्या भट्टीतून ७,००० हून अधिक रसायने बाहेर पडतात, आणि त्यांपैकी किमान ७० कर्करोग निर्माण करणारी आहेत. जोडीला कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. निकोटीन निर्दोष आहे असे कोणी समजू नये. ते हृदयाची गती वाढविते, आणि ज्या बेडीने माणूस सिगारेटीशी जखडला जातो ती बेडी तेच घडविते. परंतु फुप्फुसात डांबराचा लेप बसतो तो त्याच्यामुळे नव्हे.

याच तर्काचा आधार घेऊन ब्रिटनने या उपकरणास जवळ केले. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने १९६२ साली धूम्रपानाचे दुष्परिणाम जगापुढे मांडणारा अहवाल प्रसिद्ध केला होता. त्याच संस्थेने २०१६ साली दुसरा अहवाल काढला आणि धूम्रपान करणाऱ्यांनी ई-सिगारेटीकडे वळण्यास उत्तेजन द्यावे असे म्हटले. त्याच्या आदल्या वर्षी तेथील सरकारी आरोग्य खात्याने ही वस्तू सिगारेटीपेक्षा ९५ टक्के कमी घातक असल्याचा अंदाज जाहीर केला. हा आकडा पुढे इतका गाजला की तो जणू तराजूत तोलून काढला आहे असे लोक समजू लागले. वस्तुतः तो प्रामुख्याने तज्ज्ञांच्या एका मंडळाने बसून केलेला अंदाज आहे, प्रयोगशाळेतील मोजमाप नव्हे. म्हणून त्यावर टीकाही झाली, आणि ती रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटना तर या वस्तूकडे आजही संशयाने पाहते. वाफेतही थोड्या प्रमाणात घातक द्रव्ये आणि धातूंचे अंश आढळतात. सिगारेटीपेक्षा तिचे विष पुष्कळ कमी आहे, परंतु ती शुद्ध हवा नव्हे, एवढे म्हणणे आम्हांस योग्य वाटते. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही, त्याला या नळीची काडीइतकीही गरज नाही.

अंदाजापेक्षा प्रयोग बरा. लंडनच्या एका विद्यापीठातील पीटर हायेक व त्यांचे सहकारी यांनी ८८६ धूम्रपान करणाऱ्यांवर केलेला एक प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. ही माणसे ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या धूम्रपानमुक्ती केंद्रांत आलेली होती. निम्म्या लोकांना त्यांच्या पसंतीच्या निकोटीनच्या पट्ट्या, गोळ्या, च्युइंग गम वगैरे दिले. निम्म्यांना ई-सिगारेट दिली. दोन्ही गटांना दर आठवड्यास समुपदेशकाची सोबत होती. वर्षअखेर पहिल्या गटात ९.९ टक्के लोक सिगारेटीपासून मुक्त होते, तर दुसऱ्या गटात १८ टक्के. म्हणजे जवळजवळ दुप्पट. पण याच प्रयोगातील दुसरा आकडा दुकानदार कधी सांगत नाहीत. ई-सिगारेटीच्या आधाराने जे सुटले, त्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढीतच होते. पट्ट्या-गोळ्यांनी सुटलेल्यांपैकी औषध चालू ठेवणारे होते अवघे ९ टक्के. एकाने कुबडी घेतली आणि पाय बरा झाल्यावर टाकली. दुसऱ्याने चालावयास तर सुरुवात केली, पण कुबडी बगलेतच राहिली. कोणता सौदा चांगला, हे ज्याच्या त्याच्या पायांवर अवलंबून आहे. ज्याला पट्टी, गोळी, निश्चय, देवाची आण सर्व करूनही सिगारेट सुटली नाही, त्याला आम्ही कुबडीबद्दल नावे ठेवणार नाही.

आता निवडीचा प्रश्न. त्या प्रयोगात लोकांच्या हाती पहिली म्हणून काय ठेवले होते, तेच पाहण्यासारखे आहे. खटके-पडदे असलेले भपकेबाज यंत्र नव्हते. पुन्हा पुन्हा भरता येणारे एक साधे उपकरण आणि मिलिलिटरमागे १८ मिलिग्रॅम निकोटीन असलेल्या द्रवाची एक बाटली, इतकेच. बाटली संपल्यावर आपापल्या आवडीचा स्वाद व तीव्रता ज्याने त्याने विकत घ्यावी अशी योजना होती. इंग्लंडातील आपल्या मुलांनी यापासून एवढे शिकावे की पहिले उपकरण जितके साधे तितके उत्तम. दुकानात गेल्यावर मोठाली चौकोनी यंत्रे दिसतील, ज्यांच्यातून ढगांचे लोटच्या लोट निघतात. ती नवशिक्यासाठी नव्हेत. त्यांतील वाफ थेट फुप्फुसात घ्यावी लागते, त्यांत कमी निकोटीनचा द्रव पुष्कळ जाळावा लागतो, आणि सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगवळणी पडलेली ती रीत नाही. सिगारेट ओढणारा आधी धूर तोंडात घेतो आणि मग श्वासाबरोबर खाली नेतो. त्याच चालीने ओढता येईल असे, ओढीस जरा घट्ट असणारे, भरता येणाऱ्या कुपीचे लहान उपकरण त्याने घ्यावे. एकदा वापरून फेकून द्यावयाच्या रंगीबेरंगी नळ्यांची विक्री तर ब्रिटनने १ जून २०२५ पासून बंदच केली आहे. त्या शाळकरी मुलांच्या दप्तरांत सापडू लागल्या होत्या आणि रस्तोरस्ती विद्युत्‌घटांचा कचरा साचू लागला होता. ती बंदी आम्हांस मनापासून पटते.

उपकरणाहूनही महत्त्वाची गोष्ट निकोटीनच्या तीव्रतेची आहे, आणि येथेच बहुतेकांचा पाय घसरतो. माणूस विचार करतो की सोडावयाचेच आहे तर कमीत कमी निकोटीनपासून सुरुवात करू. त्यात पुण्य जास्त! दिसावयास हा विचार सात्त्विक, पण परिणामी घातक. दिवसाला वीस सिगारेटी ओढणाऱ्याच्या रक्तास जेवढ्या निकोटीनची सवय जडलेली असते, त्याच्या चतकोरही त्याला मिळाले नाही तर तो दिवसभर नळी तोंडात धरून बसतो, अधिक खोल आणि अधिक वेळा ओढतो, आणि संध्याकाळ होताच 'यात काही दम नाही' असे म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून पाकीट घेऊन येतो. ब्रिटनमधील कायद्याने द्रवातील निकोटीनची मर्यादा मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅम ठेविली आहे. कुपी २ मिलिलिटरहून मोठी चालत नाही, आणि निकोटीनच्या द्रवाची बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी विकता येत नाही. दिवसाला पाकीटभर ओढणाऱ्याने या मर्यादेच्या जवळपास, म्हणजे १८ किंवा २० पासून आरंभ करावा. दहाबारा ओढणाऱ्यास त्याहून कमी पुरेल, आणि दोनचार ओढणाऱ्यास आणखी कमी. घसा फार खवखवत असेल तर निकोटीनच्या क्षारापासून केलेला द्रव मिळतो. तो तितक्याच तीव्रतेस सौम्य लागतो. मात्र तो नेमका याच सौम्यपणामुळे अधिक चटक लावणारा आहे, हे ध्यानी ठेवावे.

स्वादाविषयी आम्ही फारसे बोलणार नाही. कोणास तंबाखूचाच वास हवासा वाटतो, कोणास त्या वासाने जुनी आठवण चाळवते म्हणून पुदिना बरा वाटतो. दोन दिवस घेऊन पाहावे आणि जमेल ते ठेवावे. व्यवहाराच्या दोन गोष्टी मात्र विसरू नयेत. नवे वेटोळे बसविल्यावर कापूस द्रवाने पुरता भिजू द्यावा, नाहीतर पहिल्याच झुरक्यास करपलेली चव येते आणि माणूस उपकरणास दोष देतो. घट भारित करावयाचा तो उपकरणाबरोबर आलेल्या किंवा त्यास योग्य अशाच साधनाने. रात्रभर उशाशी लावून ठेवू नये. आणि द्रवाची बाटली लहान मुलाच्या हाती लागू देऊ नये. पोटात गेलेले निकोटीन हे विषच आहे. पहिले काही दिवस कोरडा खोकला येईल, तोंड सुकेल. एवढ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. ओढीची गती मंद करावी आणि पाणी प्यावे.

हे सर्व बारकावे खरे, पण सर्व निवड ज्याच्यासाठी करावयाची ती गोष्ट निराळीच आहे. सकाळी चहाबरोबर सिगारेट, कचेरीत नळी, आणि रात्री जेवणावर पुन्हा सिगारेट, असा दुहेरी संसार पुष्कळजण थाटतात आणि 'आम्ही कमी केली आहे' असे मोठ्या समाधानाने सांगतात. हा आत्मवंचनेचा नमुना आहे. ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासाने असे दाखविले की दिवसाला फक्त एकच सिगारेट ओढणाऱ्याच्या हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळजवळ निम्मा असतो. वीसाची एक केली म्हणजे धोका विसाव्या भागावर आला, हा हिशेब हृदयास मान्य नाही. वीसाची शून्यच करावी लागते. म्हणून ज्या दिवशी पहिली ई-सिगारेट हाती येईल, त्याच्या आधीच शेवटची धुराची सिगारेट कोणत्या तारखेस ओढावयाची ते ठरवून ठेवावे, त्या तारखेच्या रात्री घरातील रक्षापात्र, काड्यापेटी, लायटर सर्व बाहेर टाकावे, आणि मग निकोटीनची तीव्रता महिन्यामहिन्याने उतरवीत आणून अखेर ती नळीही ठेवून द्यावी. आम्हीही या व्यसनाच्या शाळेत वर्षे काढली आहेत; 'हळूहळू सोडतो' या शब्दाइतका फसवा शब्द त्या शाळेत दुसरा नाही.

मँचेस्टर-बर्मिंगहॅमातील मुलासाठी एवढे पुरे. पण वडील राहतात येथे, आणि येथे प्रश्नाचे स्वरूपच पालटते.

भारत सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढून आणि त्याच वर्षी कायदा करून ई-सिगारेटीचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवण आणि जाहिरात या सर्वांवर बंदी घातली आहे. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही; पुन्हा केल्यास तीन वर्षे कैद आणि पाच लाख दंड; नुसत्या साठवणुकीसही सहा महिने किंवा पन्नास हजार किंवा दोन्ही. कर्नाटकाने तर त्याआधीच, २०१६ साली, आपल्या राज्यापुरती ही बंदी केली होती. 'मी काही व्यापारी नाही, वडिलांसाठी एक नळी आणतो' हे उत्तर विमानतळावर चालावयाचे नाही. पेटीत घालून आणलेली एक वस्तूही आयातच असते. पितृभक्तीपोटी कोणाच्या मुलाने सुट्टीचा पहिला दिवस जकात अधिकाऱ्यांपुढे उभे राहून काढावा, असा सल्ला आम्ही देणार नाही.

बंदीमागे सरकारने दिलेले कारण पोकळ नाही. २०१९ साली अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांतील २७.५ टक्के मुले ही वस्तू ओढीत असल्याचे तेथील राष्ट्रीय पाहणीत आढळले होते. एक सबंध पिढी सिगारेटीवाचूनच निकोटीनच्या पायी पडते की काय, ही भीती खरी होती. आपल्या मुलांना त्या खाईपासून दूर ठेवण्याचा हेतू शुद्ध आहे, आणि त्याबद्दल सरकारशी आमचा वाद नाही.

वाद आहे तो पुढे. ज्या देशाने कमी विषारी वस्तू कायद्याने हद्दपार केली, त्याच देशात अधिक विषारी वस्तू प्रत्येक कोपऱ्यावर, काडीसह, सुटी, एकेक विकत मिळते! २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतातील प्रौढांपैकी १०.७ टक्के लोक धूम्रपान करतात. विडी ओढणारे ७.७ टक्के आणि सिगारेट ओढणारे ४ टक्के. ई-सिगारेट वापरणाऱ्यांचे प्रमाण त्याच पाहणीत होते शेकडा ०.०२. म्हणजे दारात साप बसला आहे, आणि आम्ही काठी घेऊन धावलो ते खिडकीबाहेरच्या पालीमागे. पालीला घरात घ्या असे आमचे म्हणणे नाही. पण सापाचे काय? चाळीस वर्षे सिगारेट ओढलेल्या माणसासमोरचे एक दार बंद करताना, 'हे बंद केले आहे, पण ते दुसरे तुझ्यासाठी उघडे आहे' असे त्यास सांगण्याचे कर्तव्य सरकारवर येते की नाही? ऑस्ट्रेलियाने मधला मार्ग धरला. तेथे १ जुलै २०२४ पासून ही वस्तू केवळ औषधांच्या दुकानांतून मिळते. ब्रिटनने तर १८ वर्षांखालील मुलांस विक्री बंद ठेवून, २०२३ साली दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना ती सरकारतर्फे मोफत देण्याची योजना जाहीर केली. यांतला कोणता मार्ग भारताने घ्यावा यावर विद्वानांनी वाद घालावा. वाद न घालता झालेली बंदी काय करते, ते या सीमाभागास शिकवावयास नको. महाराष्ट्राने गुटखा २०१२ साली बंद केला, कर्नाटकाने २०१३ साली. आज पानपट्टीवर पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी पुडी शेजारी शेजारी लटकतात. घेणारा तळहातावर दोन्ही एकत्र करतो आणि कायद्याच्या नाकावर टिच्चून तोंडात टाकतो.

गल्ल्याखालून मिळणाऱ्या नळ्यांची गत याहून वाईट. तीत कोणता द्रव आहे, निकोटीन किती आहे, घट कोणत्या प्रतीचा आहे, यांतील कशाचीही हमी नाही. वेष्टनावर काहीही छापता येते. २०१९-२० साली अमेरिकेत फुप्फुसांच्या एका विचित्र विकाराने २,८०७ माणसे रुग्णालयात गेली वा दगावली. मृतांची संख्या ६८ होती. तपासाअंती बोट गेले ते प्रामुख्याने गांजाच्या अर्काच्या चोरट्या कुप्यांकडे. तो अर्क पातळ करण्यासाठी त्यांत 'ई' जीवनसत्त्वाचे एक तेलकट संयुग मिसळलेले होते. दुकानातील साध्या निकोटीनच्या द्रवाने ती साथ आली नव्हती. चोरट्या मालाने आली होती. आमच्या तरुणांनी हा भेद नीट ध्यानी घ्यावा. 'इंग्लंडातील डॉक्टरच सांगतात' हे वाक्य येथील टपरीवरच्या मालास लागू पडत नाही. ते डॉक्टर ज्या वस्तूविषयी बोलतात ती वस्तू निराळी, तिच्यावरील देखरेख निराळी.

मग आमच्या वृद्ध गृहस्थांनी काय करावे? मुलाने नळी आणू नये, हे त्यांना आम्ही प्रथम सांगितले. येथे कायद्याने मिळणारी साधने आहेत, आणि ती अगदीच दुबळी नाहीत. दोन मिलिग्रॅमचा निकोटीनचा च्युइंग गम औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. आपले लोक तो सुपारीसारखा चघळतात, रस गिळतात, मग उचकी लागते, पोटात जळजळते, आणि तो गटारात जातो. तो चघळावयाचा नसतो. दोनचार वेळा सावकाश दाबावा, झिणझिणी आली की गालाच्या आणि हिरडीच्या मध्ये दडवून ठेवावा, झिणझिणी ओसरली की पुन्हा दाबावा. असे अर्धा तास. दिवसभराच्या तलफेसाठी अंगाला लावावयाची पट्टी आणि अचानक उसळणाऱ्या तलफेसाठी गम, अशी जोडी एकट्या साधनापेक्षा अधिक उपयोगी पडते. बुप्रोपियॉन, व्हॅरेनिक्लीन ही औषधे आहेत, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाची. आणि चाळीस वर्षे ओढलेल्या, जिना चढताना धाप लागणाऱ्या माणसाने छाती तपासून घेतल्यावाचून कोणताही प्रयोग करू नये. १८००-११-२३५६ हा सरकारी मदतीचा दूरध्वनी क्रमांक सिगारेटीच्या पाकिटावरच छापलेला असतो. गृहस्थांनी खिशातून पाकीट काढले, चष्मा लावला आणि तो शोधला. वर्षानुवर्षे तो त्यांच्या खिशातच होता.

या साधनांची खरी अडचण आहे ती किमतीची आणि पुरवठ्याची. विडीचा कट्टा स्वस्त आणि गम महाग. निकोटीनच्या उपचाराचा समावेश भारत सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २०२२ साली झाला आहे. यादीत नाव चढले म्हणजे औषध खेड्यातील दवाखान्यापर्यंत पोचले असे नव्हे. वखारीतील हमालास ते मिळते काय, हा प्रश्न आहे. या भागास तो विचारण्याचा विशेष हक्क आहे. निपाणीचा परिसर पिढ्यान्‌पिढ्या तंबाखूवर जगला. तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली येथील शेतकरी हमरस्त्यावर बसले आणि गोळ्या झेलून मेले. विड्या वळता वळता येथील बायकांची बोटे झिजली. सरकारने या तंबाखूवर कर घेतला आणि आजही घेते. त्या कराच्या पैशातून आमच्या तालुक्यातील माणसास विडी सोडविण्याचे औषध फुकट मिळावे, ही काही भीक नव्हे. तंबाखू पिकविणाऱ्या शेतकऱ्यास पर्यायी पीक आणि विडी वळणाऱ्या बाईस पर्यायी काम मिळावे, हा विषय याहून मोठा आहे. त्यावर स्वतंत्रपणे लिहू.

तूर्त एवढे करता येईल. ज्यांच्या घरी धूम्रपान करणारे कोणी असेल, त्यांनी येत्या आठवड्यात आपल्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात जावे आणि दोन प्रश्न विचारावेत. तंबाखू सोडविण्यासाठी येथे कोणी समुपदेशक बसतो काय, आणि कोणत्या वारी? निकोटीनचा गम किंवा पट्टी येथील औषधकोठीत आहे काय? उत्तर 'होय' असे आले तर आमचे वृद्ध गृहस्थ पहिल्या रांगेत उभे राहावयास तयार आहेत; तसे ते कबूल करून गेले आहेत. उत्तर 'नाही' असे आले तर ते लेखी मागून घ्यावे आणि आमच्या कचेरीत आणून द्यावे. आम्ही ते रुग्णालयाच्या नावासह आणि तारखेसह याच पानावर छापू.